कोंडाबाईचं आभाळातलं बिऱ्हाड

कोंडाबाईनं ते चित्र आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही अर्धंच. उरलेल्या वेळात ती पुऱ्या तळत होती.

नगरच्या कॅम्पात एका लष्करातल्या साहेबाच्या बंगल्यावर ती कामाला होती. साहेबाच्या थोरल्या मुलाचा वाढदिवस होता. दिवाणखान्याच्या खिडक्यांना कांबळी अडकवून भर दुपारी अंधार केला, भिंतीवर चादर ताणली आणि मुलांना सिनेमा दाखवला. त्यात खरी माणसं नव्हती, हातानं काढलेली रंगीत चित्रं होती, पण ती चालत होती, भांडत होती, हसत होती. बोलणं सगळं इंग्रजी. कोंडाबाई झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कढईत पुरी सोडायची, दारात यायचं, चादरीकडे बघायचं, पुरी फुगली की परत आत. तिची लेक सुमी शेजारी उभी राहून बघत होती, पण तिलाही मधून मधून ताटल्या न्यायला हाक यायची.

एवढ्या भांडवलावर कोंडाबाईनं आम्हा बायकांचा सगळा दुष्काळ काढला.

मी तेव्हा नवी सून होते. आमचं गाव कर्जत तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून आत. विहिरी आटल्या, शेतात काही उरलं नाही, तेव्हा सरकारनं गावाबाहेरच्या माळावर खडी केंद्र सुरू केलं. घरोघरच्या बायका तिथं बसून दगड फोडायच्या. कधी घराबाहेर न पडलेल्या सुनाही गेल्या. मी चौथी शिकलेली, पण चार बायकांत तोंड उघडायला मी बिचकायचे. म्हणून मी कडेची जागा धरली. त्या कडेला कोंडाबाई बसायची. आमच्या दोघींच्या घरांचीही मधली भिंत एकच होती.

ती तेव्हा पस्तिशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी, आणि चेहऱ्यावर देवीचे वण. नवरा मागेच गेलेला. म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला, त्याच्यासाठी ती नगर सोडून गावाला आली होती. बंगल्यात राहिल्यामुळं तिला काही सवयी लागल्या होत्या, त्यांची बायका टिंगल करायच्या. ती भाकरी फडक्यात बांधताना फडक्याच्या चारी कडा जुळवून घडी घालायची. शिंक आली की तोंड फिरवायची. मुकादम आला की उठून उभी राहायची आणि मग आपणच चिडून खाली बसायची. "मेली सवय," म्हणायची. "ह्यो काय साहेब हाय व्हय, दगडू हाय ह्यो आपला."

दगडूतात्या म्हणजे आमच्याच गावचा, केंद्रावर मुकादम म्हणून लागलेला. संध्याकाळी लाकडी चौकट घेऊन यायचा आणि ज्याच्या त्याच्या ढिगाचं माप घ्यायचा. माप भरलं तर मजुरी पुरी.

एके दिवशी पाण्याचा टँकर आला नाही. दुपार टळली, पोरं रडून रडून गप्प झाली. कुणाला बोलवेना. तेव्हा कोंडाबाई कुणाकडं न बघता म्हणाली, की मी एक घर बघितलंय, तिथं पाणी आपलं आपण वर चढतं. घर कुठं आहे तर आभाळात. एका उंच खांबावर. खाली ढग.

पारूबाई नावाची एक बाई होती. तिच्या जिभेला सगळं केंद्र भ्यायचं. तिनं विचारलं, "आन सांडपानी कुठं जातं गं? खालच्याच्या डोक्यावर?"

सगळ्या हसल्या. कोंडाबाईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "ते दावलं आसंल. तवा मी पुऱ्या तळत हुते."

त्या दिवसापासून हे तिचं ठरलेलं उत्तर झालं. गोष्टीत जिथं भोक पडेल तिथं ती पुऱ्या तळत असायची. पुढं पुढं बायका घरातही तसंच बोलायला लागल्या. सासूनं विचारलं दूध कसं उतू गेलं, की सून म्हणायची, तेव्हा मी पुऱ्या तळत होते.

त्या आभाळातल्या बिऱ्हाडात बाप होता, आई होती, एक पोरगी, एक पोरगा आणि कुत्रं. कोंडाबाईनं बापाचं नाव ठेवलं तात्या, आईचं माई. तात्या उडत्या गाडीतून कामाला जायचा. काम काय, तर एक बटन दाबायचं. तेवढं करून तो दमून घरी यायचा आणि माईला म्हणायचा माझे पाय चेप. माईचं बटन दाबलं की जेवण बाहेर यायचं, तरी तिला वाटायचं आपल्यामागे कामाचा रगाडा आहे. रस्ते चालायचे आणि माणसं उभी. पोरगी आरशापुढून हलायची नाही, पोरगा अभ्यासाला बसायचा नाही. तात्याच्या वहाणा रोज हरवायच्या, आणि त्या शोधून द्यायला मात्र कुठलं बटन नव्हतं.

आम्हाला ते का आवडायचं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. उडती गाडी ऐकताना मजा वाटायची, पण त्यासाठी रोज कुणी कान टवकारले नसते. आम्ही वाट बघायचो ती माई तात्याला काय बोलते त्याची. एवढं सगळं आपलं आपण होतं, तरी त्या घरात रुसवे होते, चहाड्या होत्या, नवऱ्याला वस्तू सापडत नव्हत्या. म्हणजे आभाळात गेलं तरी घर ते घरच. आमच्याकडे पाणी नव्हतं, ज्वारी नव्हती, रेशनवर मिळणाऱ्या मिलो नावाच्या परदेशी लाल धान्याच्या भाकरीनं पोट दुखायचं, पण रुसवे-फुगवे होते. तेवढ्यापुरतं आमचं आणि त्यांचं बिऱ्हाड एकाच आळीत असल्यासारखं वाटायचं.

पुष्कळ वर्षांनी नगरला, सावेडीत लेकीकडे गेले असताना नात टीव्हीसमोर हसून लोळत होती. बघितलं तर तसलंच बिऱ्हाड. तेच चित्र की दुसरं, मला सांगता येणार नाही. लेक म्हणाली, आई, तुला यातलं काय कळतंय? मला त्यांच्या घरातलं सगळं ठाऊक होतं.

कोंडाबाई सांगायला लागली की हातोडी खाली ठेवायची. तिला हातवारे केल्याशिवाय सांगता यायचं नाही. गाडी वळली की हात वळायचा, माई रुसली की खांदा. मग तिचा ढीग कसा भरायचा? पहिल्या दिवशी तिचं माप कमी पडलं, मजुरी कापली. दुसऱ्या दिवशी पारूबाई उठली, आपल्या ढिगातली ओंजळभर खडी उचलून कोंडाबाईच्या ढिगावर टाकली आणि जागेवर जाऊन बसली. मग एकेक करून सगळ्याच उठल्या. पुढं तो रिवाजच पडला. ज्या बाईला ऐकायचं तिनं ओंजळ टाकायची. जिच्या अंगावर पाजतं पोर होतं तिला माफ होतं.

दगडूतात्याच्या हे लक्षात आलं. तो पहिल्यांदा फार ओरडला. सरकारचं काम आहे, कीर्तन नाही, म्हणाला. कोंडाबाई उठून उभी राहिली आणि लगेच बसली. पारूबाईनं विचारलं, दगडं कमी भरली का तुमची? कमी भरली नव्हती. तो चौकट घेऊन पुढं गेला, मग मागं आला आणि खालच्या आवाजात विचारलं, "त्या तिथं मुकादम हाय का?"

"हाय की," कोंडाबाई म्हणाली. "लई ओरडतो. पर त्याची बी बायकू त्याला ओरडती."

तेव्हापासून दगडूतात्या माप घ्यायला जरा लवकर यायचा आणि कडेला उभा राहून ऐकायचा.

त्या घरात आणखी एक जण होती. पत्र्याची पोर. माणसाच्या आकाराचं यंत्र, पायाच्या जागी चाकं, घरातली सगळी कामं तिच्याकडं. मी टीव्हीवर पाहिलं त्यात ते एक अवजड धूड होतं, पोर वगैरे काही नव्हतं. पण कोंडाबाईच्या गोष्टीत ती दहा वर्षांची पोर होती आणि दिवसेंदिवस गोष्टीत तीच जास्त यायला लागली. तिला ताप आला तर माई तिच्या पत्र्यावर ओल्या पट्ट्या ठेवायची. थंडीत तात्यानं आपली रजई तिला दिली. कुणी विचारलं, यंत्राला थंडी कशी वाजेल, तर कोंडाबाई गंभीर होऊन सांगायची की पत्रा आपल्यापेक्षा लवकर गार पडतो. आणि जेवायला बसताना ते सगळे तिला हाक मारायचे. ती आल्याशिवाय तात्या घास उचलायचा नाही.

"यंत्र काय खातं गं?" कुणीतरी विचारलं.

"सगळं खातं. गोड जास्ती."

बायका हसल्या, मीही हसले. पारूबाई मात्र एकदा कंटाळली. ती म्हणाली की हे रोजचं लाडाकोडाचं बास झालं. पत्र्याची वस्तू ती, कधीतरी गंजणार, मोडणार. उद्या सांग, की ती मोडली आणि त्यांनी ती भंगारात टाकून नवी आणली. मग बघू तात्या रडतो का. बायकांनाही ती कल्पना आवडली. टाका टाका म्हणायला लागल्या.

कोंडाबाईनं हातोडी उचलली आणि दगडावर घातली. त्या दिवशी आणि नंतर कितीतरी दिवस तिनं काही सांगितलं नाही. ओंजळ टाकायला गेलं तर हातानं अडवायची.

कारण मला कळलं ते भिंतीपलीकडून. रात्री तिचा बाप विचारायचा, सुमी कुठं हाय? आणि ती रोज न चिडता सांगायची, येतीया, थंडी सरली की येतीया. सरहद्दीवर लढाई लागायच्या आधी साहेबाची बदली झाली होती. मेमसाहेब तान्हं बाळ घेऊन वर उत्तरेला आपल्या माहेरी निघाल्या. बाळाला सुमीचा लळा. नेऊ का, शाळेत घालू, थंडी सरली की पाठवून देऊ, असं त्यांनी विचारलं. कोंडाबाईला बापाकडं यायचं होतं, गावाकडं खायचे वांधे दिसत होते. तिनं हो म्हटलं. ती थंडी सरली, त्याच्या पुढची आली. पोर आली नाही. पत्ता म्हणून तिच्यापाशी फक्त त्या गावाचं नाव होतं, तेही तिला नीट सांगता यायचं नाही.

केंद्राला आठवड्याची सुटी असायची. त्या दिवशी बायका नदीच्या पात्रात झरे खणायला जायच्या. कोंडाबाई एस.टी.नं नगरला जायची, कॅम्पात त्या बंगल्याच्या फाटकाशी उभी राहायची. बंगल्यात दुसरी माणसं राहायला आली होती. माळी मात्र जुना होता. तो म्हणायचा, अजून कायबी कळलं न्हाई बाई. ती त्याच्या हातचं पाणी प्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगायची, की तात्यानं पत्र्याच्या पोरीला नवी चाकं आणली.

हे मी पारूबाईला सांगितलं. केंद्रावर आपण होऊन मी बोललेली ती पहिलीच गोष्ट असेल. पारूबाईनं ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं ओंजळ नाही, पाटीभर खडी नेऊन कोंडाबाईच्या ढिगावर ओतली आणि म्हणाली, "भंगारात न्हाई टाकायची कुनी तिला. सांग तू."

उन्हाळा तोंडावर आला असताना सुमी आली.

साहेब काही कामासाठी नगरला आले होते, सोबत सगळं कुटुंब आणि बाळाला घेऊन सुमी. जुन्या बंगल्याच्या माळ्यानं मेमसाहेबांना सांगितलं की हिची आई दर आठवड्याला फाटकाशी येऊन उभी राहते. मेमसाहेबांनी लगेच एका शिपायाबरोबर पोरीला गावाला धाडलं. दोन रात्री राहा, म्हणाल्या, मग हा येऊन घेऊन जाईल. माणसं वाईट नव्हती. हे लिहिताना मला ते लिहिलंच पाहिजे.

पोर बघून सगळ्यांना आनंद झाला. गाल भरलेले, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, रिबिनी, पायात कापडी बूट. मेमसाहेबांनी बिस्किटांचा पुडा आणि एक जुनी रेशमी साडी दिली होती. कोंडाबाई दिसेल त्याला सांगत होती, "बघा की, वळखू येती का?" त्या संध्याकाळी तिनं कुणाकडून तरी खरी ज्वारी मिळवली. मी गुळाचा खडा घेऊन तिच्याकडं गेले आणि तिनं मला बळंच बसवून घेतलं.

कोंडाबाईनं घरातली एकुलती एक पितळी, पितळेची जेवायची ताटली, काढली, पिठलं वाढलं, भाकरी ठेवली आणि सुमीला म्हणाली, बस. सुमी भिंतीशी उभी होती. हात मागं, नजर आमच्या तांब्यांवर.

"तुमी जेवा आधी," ती म्हणाली.

आमच्याकडं लेकरं आईला तू म्हणतात. कोंडाबाई हसली. मला म्हणाली, किती वळण लागलंय बघ. आणि लेकीचा मान राखायला म्हणून तिनं दोन घास खाल्ले. सुमीनं तेवढ्यात आजोबाला पाणी दिलं, माझा तांब्या भरला, कोंडाबाईचा हात थांबायच्या आत तिच्यापुढची पितळी उचलली. मग कोपऱ्यातली पोचे पडलेली जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली आपणच शोधून काढली, तीत भाकरीचा तुकडा आणि पिठलं घेतलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन, आमच्याकडं पाठ करून बसली. भराभर खाल्लं. मधेच कुणी हाक मारील अशा बेतानं. ताटली घासली आणि बाकीच्या भांड्यांत न ठेवता मोरीच्या कडेला वेगळी पालथी घातली.

कोंडाबाई बघत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, तिकडं कुठं बसतीस जेवायला?

"मागल्या दाराला पायरी हाय," सुमी म्हणाली. "सावली असती तिथं. कुनी मारत न्हाई."

शाळेचं विचारलं तर म्हणाली, बाळ मोठं झालं की घालणार आहेत.

पोर झोपल्यावर कोंडाबाई मला पोचवायला दारापर्यंत आली. माझं घर चार पावलांवर होतं, तरी आली. म्हणाली, "मी बी कॅम्पात असल्याच पायरीवर जेवले गं. पर मला ठावं हुतं, पायरी त्यांची हाय. हिनं ती घरी आनली."

दुसऱ्या दिवशी ती सुमीला केंद्रावर घेऊन आली. बायकांनी पोरीला मधे बसवलं, कुणी केंद्रावर वाटलेल्या सरकारी सुखडीचा तुकडा दिला. ती पत्र्याची पोर तू पण बघितलीस ना, विचारलं. सुमी म्हणाली, हो, तिकडं पण दोनदा दाखवलं. बायका म्हणाल्या, मग ती पत्र्याची पोर जेवते ना सगळ्यांच्या बरोबर? सुमीला प्रश्नच समजला नाही. ती आईकडं बघून म्हणाली, मशीन कसं जेवंल?

कुणी हसलं नाही. कोंडाबाईच म्हणाली, "तवा ही ताटल्या वाटत हुती."

पोर जरा लांब गेल्यावर बायकांत वाद सुरू झाला. पारूबाई म्हणाली, धाडू नको, आपल्याजवळ ठेव, एका पोराला किती लागतं? दुसरी म्हणाली, तुझं बरं आहे बोलायला, लहान पोरांना कामावर घेत नाहीत, पाणी नाही, बाप आज-उद्याचा, खायला काय घालील? दगडूतात्यानंही हातातली चौकट खाली ठेवून सांगितलं की पाऊस कधी पडेल ते देवालाही ठाऊक नाही. कोंडाबाई सगळ्यांचं ऐकत होती. तिनं शेवटी पोरीलाच हाक मारून विचारलं, राहतीस का माझ्यापाशी?

सुमी गोंधळली. तिला कुणी असं विचारलं नसावं. ती म्हणाली, "मेमसाब रागावनार न्हाईत ना? बाळाला कोन घेईल?"

कोंडाबाईनं मान हलवली आणि हातोडी उचलली. सगळी दुपार ती दगड फोडत होती. सुमी तिच्या शेजारी बसून, न सांगता, फुटलेली खडी गोळा करत होती. माप व्हायच्या वेळी कोंडाबाई मला म्हणाली, "हितं माझ्या मांडीला मांडी लावून उपाशी बसंल. तिथं पायरीवर का हुईना, पोटभर खाईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाई आला. मी पाण्याची कळशी घेऊन फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. फाट्यावर एक लिंबाचं झाड आणि सडक, बाकी काही नाही. कोंडाबाईनं झाडाखाली पोत्याची घडी पसरली. घरातली पितळी तिनं फडक्यात बांधून आणली होती. तीत भाकरी कुस्करली, गूळ घातला, तेलाची धार सोडली आणि सुमीला म्हणाली, बस.

सुमी उभीच. शिपायाकडं बघून म्हणाली, "काकांना आधी."

"त्यांचं मागनं."

"तू?"

दोन दिवसांत ती पहिल्यांदा तू म्हणाली. कोंडाबाईनं तिच्या खांद्यांना धरून तिला खाली बसवलं, गुडघे धरून मांडी घालायला लावली आणि स्वतः समोर उभी राहिली. पोर संकोचून गेली. एक घास घ्यायची, वर बघायची, उठू बघायची. कोंडाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून परत बसवायची. शिपाई भला माणूस होता. त्यानं आमच्याकडं पाठ केली आणि बिडी पेटवली.

तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टर दारात येऊन म्हणाला, आवो बाई, गाडीत खाऊ द्या की तिला.

"गाडीत न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "हितं बसून खाईल ती. थांबा."

एरवी ती मुकादमाला बघून उठणारी बाई. कंडक्टरनं तिच्या तोंडाकडं बघितलं, काय दिसलं कोण जाणे, त्यानं घंटी मारली नाही. गाडी घरघरत उभी राहिली. खिडक्यांतून माणसं बघत होती. सुमी मान खाली घालून चावत होती, तिच्या डोळ्यांतलं पाणी पितळीत पडत होतं, तरी ती खात होती, कारण आई सांगत होती. शेवटचा घास संपल्यावर तिनं सवयीनं पितळी उचलली आणि धुवायला कळशीकडं वळली. कोंडाबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली. आपल्या पदरानं तिचे हात पुसले, तोंड पुसलं, आणि तिला शिपायाच्या हवाली केलं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर ती त्या पोत्यावर बसली. पितळीत जे चार कण राहिले होते ते तिनं बोटानं पुसून खाल्ले. मग म्हणाली, चल, माप चुकंल.

सुमी परत आली नाही. कोंडाबाई सुटीच्या दिवशी नगरला जायची थांबली. पावसाळ्यानंतर तिचा बाप गेला, केंद्र बंद झालं आणि एके दिवशी तिच्या घराला कुलूप दिसलं. कुणी म्हणायचं पुण्याला कामाला लागली, कुणी म्हणायचं लेकीच्या शोधात वर गेली. मला खरं काय ते कळलं नाही. पण केंद्र बंद व्हायच्या आधीचा एक दिवस माझ्या मनातून जात नाही.

पोर गेल्यावर ती बरेच दिवस गप्प होती. तरी बायका रोज ओंजळ टाकायच्या, आणि आता ती अडवायची नाही. मग एका दुपारी तिनं आपण होऊन हातोडी खाली ठेवली आणि तात्याच्या वहाणा हरवल्याचं सांगायला लागली. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी पुढचं सांगितलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढचं. माई रुसली, पोरगा नापास झाला, कुत्रं ढगात पडलं. त्या घरात आता भांडी माई घासायची, बिछाने पोरगी घालायची. पत्र्याची पोर कुठंच यायची नाही. सगळ्यांच्या ते ध्यानात आलं होतं. कुणी विचारलं नाही.

शेजारच्या गावाहून एक नवी बाई कामाला आली होती. तिला कुणीतरी आधीची गोष्ट सांगितली असावी. ती मधेच म्हणाली, का वो मावशी, त्या घरात एक पत्र्याची पोर हुती म्हनं, तिचं काय झालं?

हातोड्या थांबल्या. कोंडाबाईचा हात माईच्या रुसव्याला वळलेला होता, तो तसाच राहिला.

"माहेरी गेली ती," पारूबाई म्हणाली. "तिची आई तिला सोडंना झालीया. कोंडे, तू फुडचं सांग."

कोंडाबाईनं पदर कपाळावर ओढून घेतला. थोडा वेळ तिचं तोंड दिसलं नाही. मग पदराआडूनच तिनं पुढचं सांगायला सुरुवात केली.